क्वीन्समधील वस्त्या स्वयंसेवी वाटाड्यासोबत पाहाव्यात का?

एडिसनकर
नमस्कार. मे महिन्यात माझे आईवडील पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला येत आहेत. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि टाइम्स स्क्वेअर मागच्या खेपेस पाहून झाल्यामुळे, या वेळी ‘इथली माणसे कशी राहतात ते दाखव’ अशी बाबांची फर्माईश आहे. न्यूयॉर्कमधील ‘बिग ॲपल ग्रीटर’ या संस्थेचे स्वयंसेवक पाहुण्यांना शहरातील वस्त्या विनामूल्य दाखवतात, असे वाचनात आले. शहराच्या क्वीन्स विभागातील जॅक्सन हाइट्स आणि फ्लशिंग या भागांसाठी हा मार्ग योग्य ठरेल का? आईचे गुडघे दुखतात, दोघेही शाकाहारी आहेत आणि बाबांना भरभर बोललेले इंग्रजी झेपत नाही. शिवाय अनोळखी माणसाचा अर्धा दिवस फुकटात घ्यायचा, याचा संकोच वाटतो तो वेगळाच.

जुना क्वीन्सवासी
संकोच बाळगू नका. लिन ब्रुक्स यांनी १९९२ मध्ये ही संस्था सुरू केली, ती न्यूयॉर्क म्हणजे धोक्याचे आणि माणूसघाणे शहर, ही बाहेरच्यांची समजूत पुसण्यासाठी. स्वयंसेवक बक्षिसी घेत नाहीत आणि ती देऊ करणेही त्यांना अवघडवणारे असते. द्यायचेच असेल तर संस्थेला देणगी द्यावी. अर्ज मात्र काही आठवडे आधी करावा लागतो, कारण पाहुण्याची भाषा, आवड आणि चालण्याची क्षमता पाहून जुळणारा माणूस शोधला जातो. म्हणून गुडघ्यांचे दुखणे आणि सावकाश बोलण्याची गरज अर्जातच लिहा.

एक गोष्ट आधी बाबांच्या कानावर घाला. हा माणूस परवानाधारक गाइड नसतो. त्याच्याकडून सनावळीची अपेक्षा करू नये. इथे भाडे कसे परवडते, मुले कोणत्या शाळेत जातात, शेजाऱ्यांशी भांडण कशावरून होते, असे प्रश्न विचारले तर तो खुलतो.

मोमोप्रेमी
मी जॅक्सन हाइट्समध्ये राहते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. पेन स्टेशनवरून ई ही मेट्रो गाडी पकडली की थेट रूझवेल्ट ॲव्हेन्यूच्या स्थानकात उतरता येते आणि तिथे लिफ्ट आहे. बाहेर पडल्यावर चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर सोन्याची आणि साड्यांची दुकाने लागतात. भारतात नेण्यासाठी २२० व्होल्टवर चालणारी उपकरणे घ्यायला लोक एके काळी लांबून इथे येत असत. आईबाबांना हा भाग ओळखीचा वाटेल, म्हणून तिथे फार वेळ घालवू नका.

खरी गंमत डायव्हर्सिटी प्लाझा या चौकाच्या आसपास आहे. तिबेटी आणि नेपाळी खाणावळी तिथे दाटीवाटीने आहेत आणि बटाट्याचे मोमो सहज मिळतात. रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर डोक्यावरच्या पुलावरून सात नंबरची मेट्रो गाडी गेली की सगळ्यांचे बोलणे वाक्याच्या मध्येच थांबते आणि गाडी गेल्यावर तिथूनच पुढे सुरू होते. त्या पुलाखाली कोलंबियन बायका तव्यावर मक्याच्या जाड भाकरीसारखी अरेपा भाजतात. आत चीज असते, ती तुम्हाला चालेल. तमाले या मक्याच्या वाफवलेल्या पदार्थाच्या पिठात मात्र बहुधा डुकराची चरबी असते, म्हणून विचारल्याशिवाय खाऊ नका. फेरीवाल्यांचे फोटोही न विचारता काढू नयेत. त्यातल्या अनेकांकडे कागदपत्रे नसतात आणि कॅमेरा दिसला की ती माणसे धास्तावतात.

वाटाड्याला आतल्या बाजूच्या बागांभोवतीच्या जुन्या इमारती दाखवायला सांगा. क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या बांधकाम कंपनीने त्या बांधल्या तेव्हा ज्यू आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना तिथे घर मिळत नसे. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आशियातून कुटुंबे येऊ लागली. हे ठाऊक असले की आजची गर्दी वेगळ्या नजरेने पाहिली जाते.

बाऊनी
दोन्ही वस्त्या एकाच दिवशी करू नका, हे माझे स्पष्ट मत आहे. ही भेट साधारण दोन ते चार तासांची असते आणि तेवढ्यात जॅक्सन हाइट्ससुद्धा पुरते होत नाही. फ्लशिंग तुम्ही स्वतःच पाहू शकता. सात नंबरच्या शेवटच्या स्थानकावर उतरल्यावर मेन स्ट्रीटवर चिनी पाट्यांखेरीज फारसे काही दिसणार नाही. तिथून बाऊन स्ट्रीटला जा. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना छळू नये, असे निवेदन फ्लशिंगच्या रहिवाशांनी १६५७ मध्ये, इथे डचांची सत्ता असताना, डच गव्हर्नरला दिले होते. पुढे जॉन बाऊन यांनी क्वेकरांना आपल्या घरात प्रार्थना करू दिली म्हणून १६६२ मध्ये त्यांना अटक झाली. त्यांचे घर अजून उभे आहे आणि त्याच रस्त्यावर पुढे १९७७ मध्ये प्रतिष्ठापना झालेले गणपतीचे मंदिर आहे. अंतर बरेच असल्याने आईसाठी टॅक्सी करा. मंदिराच्या तळघरातील कँटीनमध्ये डोसा उत्तम मिळतो. रविवारी मात्र रांग असते.

एडिसनकर
सर्वांचे आभार. अर्जात फक्त जॅक्सन हाइट्स लिहिले असून फ्लशिंगला आम्ही आमचे आम्ही, आठवड्याच्या मधल्या दिवशी जाऊ. शेजाऱ्यांच्या भांडणाचा प्रश्न बाबांनी आधीच वहीत लिहून घेतला आहे.