श्री ठाणेदार: 'आपला माणूस' म्हणून कौतुक किती दिवस?

सीमाभागी
चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मराठी माणूस अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेला, तेव्हा आपल्याकडे पेढेच वाटायचे राहिले होते. पण मराठी बातम्यांची गाडी अजून तिथंच अडकलीय: गरिबी, १९७९ साली अमेरिका, रसायनशास्त्रात पीएचडी, कंपन्या, श्रीमंती. मिशिगनच्या १३व्या मतदारसंघाचं, म्हणजे डेट्रॉइटच्या बऱ्याचशा भागाचं काय, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते ठाणेदार उमेदवार म्हणून पक्के, खासदार म्हणून बेताचे. २०१८ला गव्हर्नरपदासाठी पदरचे कोटीभर डॉलर ओतले आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत तिसरे आले. २०२०ला राज्याच्या सभागृहात गेले, तिथं जेमतेम रुळले नाहीत तोच काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची तयारी. काम करायला बूड टेकावं लागतं हो.

शहापूरची
म्हणजे स्वतःचा पैसा लावला हा गुन्हा? बड्या देणगीदारांचा मिंधा होण्यापेक्षा बरं. आणि २०१८च्या त्याच निवडणुकीत डेट्रॉइट शहरात सगळ्यात जास्त मतं त्यांनाच होती. तिथले लोक काही चिकोडी बघून मत देत नाहीत.

नोव्हीकर
मी इथंच राहतो म्हणून सांगतो. डेट्रॉइटजवळच्या आमच्या नोव्ही गावात दर रविवारी मराठी माणसं भेटतात, तिथं ठाणेदारांचा विषय निघाला की छाती फुगते. पण नोव्ही त्यांच्या मतदारसंघात नाही! त्यांना निवडतं ते डेट्रॉइट, टेलर, वायनडॉट. डेट्रॉइटमध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त लोक कृष्णवर्णीय. १९५५पासून या शहराचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये असायचाच, ती परंपरा २०२३च्या जानेवारीत तुटली. २०२२च्या प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत नऊ उमेदवार होते, मतं फुटली आणि ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर निघाले. नियमात बसतं, तक्रार नाही. पण उरलेल्या ७२ टक्क्यांना आपलंसं करायचं काम त्यानंतर सुरू होतं.

शहापूरची
२०२४ला पुन्हा निवडून आले की. मग आणखी काय करायचं आपलंसं?

नोव्हीकर
तेव्हा मुख्य प्रतिस्पर्धी अॅडम हॉलियर उमेदवारीसाठी लागणाऱ्या मतदारांच्या सह्या कमी पडल्यामुळे मतपत्रिकेवर आलेच नाहीत, हे पण सांगा.

तर्कट
मला खटकतो तो महाभियोग. २०२५च्या एप्रिलमध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध सात कलमांचा प्रस्ताव आणला. ज्यांची नावं सहप्रस्तावक म्हणून लागली होती त्यांतल्या काहींनी ती काढून घेतली, पक्षनेतृत्व वैतागलं, आणि १४ मे रोजी मतदानाची वेळ आली तेव्हा ठाणेदारांनीच माघार घेतली. सभागृहात बहुमत रिपब्लिकनांचं, निकाल शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग तो खटाटोप कुणासाठी? २०२६च्या निवडणुकीसाठी पक्षातूनच, डावीकडून डोनाव्हन मॅकिनी उभे ठाकले, त्यांना तोंड द्यायला?

शहापूरची
हरणार म्हणून बोलायचंच नाही? बेळगावात आमच्या दोन पिढ्या हरतच भांडल्यात.

तर्कट
भांडा ना, पण मग माघार का?

सीमाभागी
नेमकं! २०१८ साली त्यांच्या दिवाळखोर कंपनीच्या न्यू जर्सीतल्या औषधचाचणीच्या प्रयोगशाळेत २०१०ला अडकलेल्या ११८ बीगल कुत्र्यांची गोष्ट उकरून काढली गेली. तेव्हा त्यांनी बँकेनं ताबा घेतल्याचं सांगितलं. ते खरंही असेल. पण दरवेळी उत्तर दुसऱ्याकडे बोट दाखवणारं.

शहापूरची
धंद्यात पडलेल्याला विचारा, बँकेचं कुलूप लागलं की मालकालाही दारात उभं करत नाहीत. पुढे अॅन आर्बरमध्ये दुसरी कंपनी शून्यातून उभी केली, ते दिसत नाही तुम्हाला.

नोव्हीकर
कंपनीचं त्यांच्या पुस्तकात वाचलंय सगळ्यांनी. २०२१च्या जूनमध्ये डेट्रॉइटच्या हजारो तळघरांत पाणी शिरलं. घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या, वॉटर हीटर, कपड्यांची यंत्रं, सगळं गेलं. गटारांना केंद्राचे पैसे किती आले, कुणी आणले, यावर कुणी लिहील का? ठाणेदारांच्या बाजूचं असेल तरी चालेल.