घरखर्च: किराणा, भाजी, दूध आणि वर्षाचं धान्य, महिन्याला तुमच्याकडे किती जातात?

आपल्या खान्देशात महिन्याचा किराणा किती असं विचारलं की प्रत्येक जण वेगळाच आकडा सांगतो, कारण कोणी उन्हाळ्यात भरलेलं धान्य त्यात धरतं, कोणी धरतच नाही. म्हणून विनंती, लिहिताना वर्षाचं धान्य 12 ने भागून त्यात टाका आणि घरात माणसं किती तेही लिहा.

आधी माझंच सांगते. जळगाव शहर, आम्ही चौघं. मार्च ते मे मधे गहू 3 क्विंटल 9,900 चा, दादर (म्हणजे रब्बी ज्वारी) 1 क्विंटल 4,500, तूरडाळ 30 किलो 3,600, मूग-उडीद-हरभरा मिळून 4,000 आणि मिरची-हळद-धणे-मसाल्याचे 5,000, म्हणजे 27,000, महिन्याचे झाले 2,250. दूध दीड लिटर, 2,880. तेल-साखर-चहा-शेंगदाणे-साबण असा किराणा 3,500, भाजी-फळं 2,800. एकूण 11,430. साबण खात नाही आपण हे मान्य, पण दुकानाची चिठ्ठी एकच असते ना. बाहेरचं खाणं यात नाही.

अमळनेर तालुका, सहा माणसं, शेती

ताई, आमची चिठ्ठी 3,000 च्या वर जात नाही आणि शहरातले पाहुणे म्हणतात तुमचं बरंय, सगळं घरचं. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. घरची दादर, घरचा गहू, घरची म्हैस हे फुकट कसं, बियाणं, खत, मजुरी, ढेप सगळं पैशानेच येतं आणि जे धान्य कोठीत ठेवलं ते बाजारात विकलं असतं तर पैसे आलेच असते. मी यंदा घरी ठेवलेलं सगळं बाजारभावाने लिहून काढलं, दुधासकट, तर महिन्याचा आकडा 12,000 च्या पुढे गेला. शेतकऱ्याने तरी घरचं धान्य शून्य रुपये लिहू नये असं माझं ठाम मत आहे. तेल आम्ही घरच्या शेंगा घाण्यावर नेऊन काढतो, त्यातही शेंगांचा भाव धरा.

धुळे, स्पर्धा परीक्षा, तिघं मित्र एका रूमवर

आधी मेस होती, दोन वेळचे 3,000. आता स्वतः करतो तर माणशी 2,200 च्या आसपास, कारण पीठ आणि डाळ गावाहून येते, त्याचे पैसे यात नाहीत (वरचं वाचून आता धरावे लागतील). परीक्षा जवळ आली की शेवभाजी पार्सल आणतो, भाकरी मात्र रूमवरच, त्याने पार्सल निम्म्यात पडतं.

शहादा तालुका, पाच माणसं, मजुरी

आमचं रेशनचं प्राधान्य कार्ड आहे. माणशी 5 किलो, पाच जणांचं 25 किलो धान्य महिन्याला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो होता, जानेवारी 2023 पासून ते पण लागत नाहीत. हा आधार मोठा आहे, खोटं कशाला बोलू. पण धान्य मिळालं म्हणून जेवण होत नाही, वर तेल-मिरची-डाळ लागते आणि ते सगळं दुकानातून. सोयाबीन तेल आम्ही आठवड्याच्या बाजारात पाव-अर्धा किलो असं घेतो, एकदम डबा घेणाऱ्यापेक्षा आम्हाला किलोमागे जास्त पडतं हे माहीत आहे पण मजुरी आठवड्याला येते तर डबा कुठून घ्यायचा. पावसाळ्यात काम कमी असतं तेव्हा रानभाज्यांवर भागतं. महिन्याचे साधारण 4,000 जातात आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा तेलाचाच. सासूबाई म्हणतात, तेलना भाव नको इचारू माय.

भुसावळ, निवृत्त, दोघंच

सरकारी घरखर्च पाहणी 2023-24 वाचली, खेड्यात खर्चातल्या रुपयामागे 47 पैसे खाण्यावर जातात आणि शहरात जवळपास 40. पण मला नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं, खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पेय, नाश्ता आणि तयार पदार्थांचा आहे, धान्याचा नाही. मग आमची वही काढली. गहू-दादर महिन्याला 900 आणि शेव, बिस्किटं, फरसाण, रविवारची जिलेबी मिळून 1,400! नातवंडं आली की अजून वाढतं. औषधांमुळे तसंही तळलेलं कमी करायचंय म्हणून या महिन्यापासून शेव पावकिलोच आणतोय, बाकी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा आणि थंडीत भरीत, याच्यापुढे पाकिटातलं काही लागत नाही.

चोपडा माहेर, सासर पुण्यात

माझं मिरची-मसाला, पापड, बिबडे (ज्वारीचे पापड) सगळं माहेरून येतं. आईला दरवर्षी मिरचीचे पैसे पाठवते, ती घेत नाही, म्हणून आता तिच्या दुकानदाराच्याच खात्यावर टाकते.

जळगावहून परत मी

शेतकरी दादांचं पटलं, घरचं धान्य भावाने धरूनच लिहा सगळ्यांनी. आणि शहाद्याच्या ताईंसारखं सुटं तेल घेणाऱ्यांनी किलोमागचा भाव पण लिहा, म्हणजे डब्यात आणि सुट्यात फरक किती तो कळेल. घाणीचं शेंगदाणा तेल धुळे-नंदुरबारकडे सध्या काय भावाने मिळतंय?