भंगारातलं बॉनेट बसवण्याआधी टेपने मापं घ्या

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारातून बॉनेट, दोन्ही फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) आणि हेडलाइट आणले की मारुती ८०० चं तोंड निम्म्या पैशात उभं राहतं, असं म्हणतात ते खरं आहे. पण बोल्टवर बसणाऱ्या मालापुरतंच. माझी ८०० डाव्या कोपऱ्यात ठोकली तेव्हा मीही असाच सगळा माल गोळा केला, अगदी त्याच पांढऱ्या रंगातला. बॉनेट बसवलं तर उजवीकडे काडेपेटीची काडी जाईल एवढी फट आणि डावीकडे बोट आरामात आत! डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा कारागीर, पत्रा ठोकूनच जुळवायला निघाला होता.

शेजारच्या गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला थांबवलं आणि बॉनेट उतरवायला लावलं. डाव्या स्ट्रटच्या (पुढच्या चाकाच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या) वरच्या बोल्टपासून उजव्या बाजूच्या रेडिएटर सपोर्टच्या (रेडिएटर धरणाऱ्या पट्टीच्या) भोकापर्यंत तिरकी टेप धरली, मग उलट बाजूने. दोन्ही मापं सारखी यायला हवीत, पण निघाला १४ मिमी फरक. म्हणजे पुढचा सांगाडाच सरकलेला. साखळी लावून तो ओढून घेतल्यावर तेच बॉनेट हाताने बसलं, आणि गाडी डावीकडे ओढायची तेही गेलं. तेव्हा आधी टेप, मग खरेदी. आणि हो, ठोकलेल्या गाडीतला सीटबेल्ट स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, एकदा झटका खाल्लेला पट्टा पुन्हा भरवशाचा नसतो.