मदत हवी आहे : मालिकेच्या सेल्फ-टेपसाठी नागपुरात शांत खोली आणि समोरून वाचणारं कोणी

नमस्कार मंडळी. मराठी मालिकेतल्या मोठ्या भावाच्या भूमिकेसाठी रविवारी रात्रीपर्यंत सेल्फ-टेप, म्हणजे स्वतःच चित्रित केलेली ऑडिशन, पाठवायची आहे. प्रसंग दोन पानांचा.

मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीला, फ्रेम छातीपासून वर, मागे राखाडी पडदा, एवढं जमलंय. अडचण आवाजाची. मे महिन्यात कूलर बंद केला की दहा मिनिटांत कपाळ घामाने चकाकतं, चालू ठेवला तर घरघर थेट संवादावर बसते. ती नंतर काढायला गेलं की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. धरमपेठ, सदर किंवा प्रतापनगरकडे एसीची शांत खोली दोन तासांसाठी भाड्याने मिळेल का? कॉलर माइकही हवा आहे.

बहिणीचे संवाद वाचायला कोणी येईल का? लेन्सच्या अगदी बाजूला उभं राहून वाचायचं, म्हणजे माझी नजर कॅमेऱ्याजवळ राहते. पण हळू आवाजात, नाहीतर वाचणाऱ्याचाच आवाज वरचढ होतो. माझ्या तोंडी 'करतोय'च्या जागी 'करून राहिलो' आलं की तिथेच थांबवा. आपली बोली मला जिवापाड प्रिय आहे, पण मालिकेतलं हे घर पुण्यातलं आहे.

आणखी एक. मालिकेत मानधन दिवसावर ठरतं आणि हातात यायला बहुधा ९० दिवस लागतात. चित्रीकरण ठाण्यात, घोडबंदर रोडला. निवड झालीच तर खोलीचं डिपॉझिट धरून किती महिन्यांचा खर्च आधी जवळ ठेवावा? तिकडे राहिलेल्यांनी आकडा सांगा.