सोसायटी ऑफिशियल (ए + बी विंग): नोटीस बोर्डावरचं पोस्टर

पाटणकर ए-३०१: सुप्रभात. नोटीस बोर्डावर सिनेमातल्या कोणा मुलीच्या वाढदिवसाचं पोस्टर लावलंय. कोणी लावलं ते कृपया सांगावे. त्याच्याखाली टाकी धुण्याची नोटीस झाकली गेली. आज ८ ते १ पाणी बंद हे आम्हाला अंगाला साबण लावल्यावर कळलं.

रोहन बी-४०३: काका पूर्ण लावला होता की अर्धा

पाटणकर ए-३०१: विषय गंभीर आहे.

काझी भाभी बी-२०२: माझं पण सगळं आंबोळीचं पीठ लागलेलं भांडं तसंच पडलंय, काम करणारी बाई परत गेली, उद्या डबल काम म्हणते

गोखले मॅडम ए-१०२: कॉलेजची मुलं असणार. अभ्यास नको, बाकी सगळं हवं. आईवडिलांनी लक्ष घालावं, नाव घेत नाही.

सईची आई बी-३०४: मॅडम नाव नाही घेतलंत तरी कळलं. सई रात्री अकरापर्यंत क्लासला असते, तिने काही लावलेलं नाही.

गोखले मॅडम ए-१०२: मी कोणाचं नाव घेतलंच नाही, तुम्ही का मनाला लावून घेताय

तात्या ए-२०४: माका आधी ह्या सांगा, पाणी कधी येतला. पोस्टराचा मागाहून बघू

अण्णा साळवी बी-३०४: पोस्टर मी लावलंय. आज ३ जून, रिंकू राजगुरूचा वाढदिवस. सईने फक्त प्रिंट काढून दिली, पैसे माझे.

रोहन बी-४०३: अण्णाआआआ

काझी भाभी बी-२०२: अण्णा तुम्ही???

अण्णा साळवी बी-३०४: हो. त्यात एवढं काय. आकाश ठोसरचं लावलं होतं तेव्हा कोणी काही बोललं नाही, आठ दिवस होतं बोर्डावर.

गोखले मॅडम ए-१०२: हा मेसेज डिलीट करण्यात आला

सईची आई बी-३०४: वाचला आम्ही डिलीट व्हायच्या आधी. "या वयात" म्हणजे काय मॅडम? सासरे आहेत माझे.

गोखले मॅडम ए-१०२: मी तब्येतीच्या दृष्टीने म्हटलं. शिडीवर चढून पोस्टर लावणं या वयात योग्य नाही.

रोहन बी-४०३: बोर्ड छातीएवढ्या उंचीवर आहे मॅडम

पाटणकर ए-३०१: मुद्दा रिंकूचा नाही. मुद्दा पाण्याच्या नोटिशीचा आहे.

अण्णा साळवी बी-३०४: मॅडमनी विचारलंच आहे तर सांगतो. तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली. तेव्हा पिक्चर बघायला वेळ नव्हता, बसस्टँडवर पोस्टरं बघायचो तेवढंच. रिटायर झाल्यावर सईबरोबर बघायला लागलो. मला त्या पोरांचा पहिला पिक्चर आवडतो का, तर आवडतोच, पण मला बघायचा असतो त्यांचा दुसरा, तिसरा, पाचवा. पहिल्याला दिग्दर्शक हाताला धरून नेतो. पुढे कोण कसं चालतं ते बघायचं. रिंकूला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला तो सैराट थेटरात लागायच्या आधी, मार्च २०१६ ला. पिक्चर लागला २९ एप्रिलला. म्हणजे लोकांनी बघायच्या आधी परीक्षकांनी ओळखलं होतं. अकलूजची पोर, घरात सिनेमातलं कोणी नाही, आणि नंतर एवढी गर्दी व्हायला लागली की दहावी बाहेरून बसून दिली. मग तोच रोल परत कन्नडमध्ये केला तिने, २०१७ ला. एकच पोरगी, तोच रोल, दोन भाषांत. कोणी केलंय असं सांगा.

तात्या ए-२०४: ह्या माका ठाऊक नव्हता

रोहन बी-४०३: अण्णा कन्नड पण बघितला?

अण्णा साळवी बी-३०४: बघितला. कळला नाही काही, पण तिच्या चेहऱ्यावरून समजत होतं कुठे चाललंय ते.

पाटणकर ए-३०१: सर्व ठीक आहे. मुद्दा पाण्याच्या नोटिशीचा आहे.

सई बी-३०४: आजोबांकडे वही आहे सगळ्यांची. कागर, झुंड, झिम्मा २ सगळं तारखेसकट. माझ्यापेक्षा जास्त अपडेटेड आहेत. मी सैयारा बघून रडले तर मला म्हणाले रडणं नंतर, आधी सांग मुलीचं आधीचं काम काय बघितलंस

अण्णा साळवी बी-३०४: बरोबरच आहे. अनीत पड्डा आधी २०२४ ला वेबसिरीजमध्ये होती, बोर्डिंग स्कूलच्या मुलींची. ती बघितली असती तर सैयाराच्या वेळी कळलं असतं ही पोरगी कुठून कुठे आली. सगळे म्हणतात एका पिक्चरात स्टार झाली. एका पिक्चरात कोणी होत नाही.

काझी भाभी बी-२०२: आमच्या घरी पण सैयारा झाला. मुलगी थेटरात रडली, मी घरी येऊन तिकिटाचे पैसे बघून रडले

रोहन बी-४०३: हाहाहा भाभी

रोहन बी-४०३: पण अण्णा सैयाराचा हिरो, तो अहान तर चंकी पांडेचा पुतण्या. त्याला कुठलं स्ट्रगल

अण्णा साळवी बी-३०४: पुतण्या असला तरी कॅमेऱ्यासमोर स्वतःलाच उभं राहावं लागतं. चंकी पांडे काय मागून ढकलणार? पण मला विचारशील तर मी अनीतकडे बघीन, अमृतसरच्या पोरीकडे.

तात्या ए-२०४: तरणे कलाकार म्हणतास तर खरो तरणो दिलीप प्रभावळकर. दशावतार बघलास? ८१ वर्साचो म्हातारो आणि काय नाचता. तुमचे सगळे हिरो एका बाजूक

अण्णा साळवी बी-३०४: तात्या, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात मुलाचं काम सिद्धार्थ मेननने केलंय ते पण बघा. म्हाताऱ्यापुढे उभं राहून आपलं काम न हरवणं सोपं नाही.

तात्या ए-२०४: मेनन मालवणी बोललो ता पण बरा बोललो हां

देवरुखकर बी-१०३: तात्या मालवणी मालवणी करू नका. पिक्चर असो सिरीयल असो, कोकण म्हटलं की सगळे मालवणीच बोलतात. रत्नागिरी काय कोकणात नाही? आमची संगमेश्वरी कोण बोलणार? आमच्याकडे दशावतार नाही, नमन आहे, जाखडी आहे. त्याच्यावर पिक्चर काढा म्हणावं.

तात्या ए-२०४: काढा मां. कोणी अडवल्यान? आमका बोलावा, येतव बघूक

देवरुखकर बी-१०३: हा तुमचा टोमणा कळतो मला

तात्या ए-२०४: टोमणो नाय ओ, खराच सांगतंय

सेक्रेटरी शिंदे: सदस्यांनो, ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. मे महिन्याचा मेंटेनन्स ११ जणांचा बाकी आहे. क्यूआर खाली टाकत आहे.

रोहन बी-४०३: आला क्यूआर

पाटणकर ए-३०१: शिंदे साहेब, मेंटेनन्स नंतर. मुद्दा पाण्याच्या नोटिशीचा आहे.

काझी भाभी बी-२०२: शिंदे साहेब पण ती नोटीस ग्रुपवर का नाही टाकली, बोर्ड कोण बघतंय रोज, लिफ्टमधून उतरलं की मोबाइलमध्ये तोंड

सेक्रेटरी शिंदे: ठरावाप्रमाणे अधिकृत नोटीस बोर्डावर लागते.

काझी भाभी बी-२०२: आणि क्यूआर ग्रुपवर लागतो

अण्णा साळवी बी-३०४: भाभी, तुमची मुलगी अकरावीत ना? तिला सांगा किल्ला बघ म्हणून. अविनाश अरुणचा. आपल्या कोकणातच शूटिंग, गुहागरकडचं. आई सरकारी नोकरीत, बदली होऊन पुण्याहून इकडे येते, तिच्या मुलाला इथे करमत नाही, एवढीच गोष्ट. अर्चित देवधर आणि पार्थ भालेराव, दोघंही शाळकरी पोरं तेव्हा. २०१४ ला बर्लिनला मुलांच्या परीक्षक मंडळाने क्रिस्टल बेअर दिला त्याला. परीक्षक पण मुलंच. मी ती गुहागरची एसटी कितीतरी वर्षं केली, त्यामुळे पाऊस लागला की रस्ता कसा दिसतो ते मला माहीत आहे, पिक्चरात तस्साच आहे. समुद्र लोक दाखवतात हिरोईन धावायला. यात समुद्र नुसता असतो, पोरगं त्याच्याकडे बघत बसतं.

काझी भाभी बी-२०२: बघते अण्णा. तो पार्थ म्हणजे भूतनाथवाला ना, अमिताभबरोबर?

अण्णा साळवी बी-३०४: तोच. भूतनाथ रिटर्न्स आणि किल्ला, दोन्ही मिळून राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख. बंड्या. एक नंबर काम.

तात्या ए-२०४: आणि दगडू? टाइमपासवालो? परब. आडनावान तरी आमचोच

देवरुखकर बी-१०३: आता आडनावावर पण मालवणीचा हक्क

सेक्रेटरी शिंदे: कृपया विषयावर यावे.

रोहन बी-४०३: विषय काय होता

पाटणकर ए-३०१: पाण्याची नोटीस!!!

माई बी-१०१: मी माई. नातू लिहून देतोय, मी सांगत्ये. माझं माहेर चिपळूण. काशिनाथ घाणेकर मूळचा आमच्या चिपळूणचा. दातांचा डॉक्टर. रायगडाला जेव्हा जाग येते मध्ये संभाजी करायचा तेव्हा बायका नाटक बघायला जायच्या की त्याला बघायला जायच्या हे देवाला ठाऊक. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तर दाढ किडली नसताना दाढ दुखत्ये म्हणून मुंबईला जायचा हट्ट धरला होता. सासऱ्यांनी लवंग दिली. गोखले बाईंनी अण्णांना वय काढून बोलू नये, तेव्हा आपण सगळ्या कुठे होतो ते आपल्याला माहीत आहे.

रोहन बी-४०३: माई लवंग!!! मेलो मी

सईची आई बी-३०४: माई तुम्हाला नमस्कार

गोखले मॅडम ए-१०२: मी नाटकं अभ्यास म्हणून बघितली. मराठी विषय शिकवत होते मी.

माई बी-१०१: हो हो. अश्रूंची झाली फुले किती वेळा अभ्यास केलात ते मला सांगितलं होतंत तुम्हीच, गणपतीत.

गोखले मॅडम ए-१०२: माई, हे खाजगीत बोलू.

अण्णा साळवी बी-३०४: माई, घाणेकरांचं आपण आता सांगतो कारण ते होऊन गेले. मी म्हणतो चालू असताना बघा की. नाळ मध्ये श्रीनिवास पोकळे एवढासा होता, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग नाळ २ आला २०२३ ला, पोरगं मोठं झालेलं, आणि त्याच्यासाठी परत मिळाला, बरोबर भार्गव जगताप आणि ती छोटी त्रिशा ठोसर. साडी नेसून गेली होती दिल्लीला. आता ही पोरं दहावी बारावी करतील, आवाज फुटेल, उंची वाढेल, काम मिळेल, नाही मिळेल. फँड्रीमधल्या सोमनाथ अवघडेलाही राष्ट्रीय पुरस्कार होता, आज किती जणांना त्याचं नाव आठवतं? लोक एका पिक्चरचं गाणं लग्नात वाजवतात आणि विसरतात. मी वहीत लिहून ठेवतो एवढंच. कोणाचं काय बिघडतं.

पाटणकर ए-३०१: बिघडतं ते एवढंच की पाण्याची नोटीस

देवरुखकर बी-१०३: पाटणकर आता बास

पाटणकर ए-३०१: बास कसं? मी आज बाटलीतल्या पाण्याने अंघोळ केली. बिसलेरी. चार बाटल्या.

तात्या ए-२०४: श्रीमंत माणूस

सेक्रेटरी शिंदे: वॉचमनला विचारलं. अण्णांनी पोस्टर बोर्डाच्या डाव्या बाजूला खाली लावलं होतं. नोटीस झाकलेली नव्हती. काल संध्याकाळी त्या जागी दुसरा कागद लावायचा होता म्हणून वॉचमनला पोस्टर वर सरकवायला सांगण्यात आलं.

रोहन बी-४०३: कोणी सांगितलं

सेक्रेटरी शिंदे: फोटो टाकतो.

रोहन बी-४०३: "अस्सल देवगड-रत्नागिरी हापूस, शेवटच्या मोजक्या पेट्या, संपर्क ए-३०१"

काझी भाभी बी-२०२: ए-३०१

रोहन बी-४०३: ए-३०१

तात्या ए-२०४: देवगड आणि रत्नागिरी एकाच पेटयेत? आणि देवगडचो आंबो तुमी रत्नागिरीत कित्याक इकतास?

देवरुखकर बी-१०३: याबाबतीत मी तात्यांच्या बाजूने

पाटणकर ए-३०१: मी वॉचमनला फक्त जागा कर म्हटलं होतं. नोटिशीवर लाव असं म्हटलं नव्हतं. आणि ती जाहिरात नाही, माहिती आहे. सदस्यांच्या सोयीसाठी.

सईची आई बी-३०४: सकाळपासून आमच्या घरावर बोट होतं त्याचं काय मग

गोखले मॅडम ए-१०२: मी तर सुरुवातीलाच म्हटलं होतं की चौकशी व्हावी.

सेक्रेटरी शिंदे: यापुढे बोर्डाचा उजवा भाग फक्त अधिकृत नोटिशींसाठी. डावा भाग सदस्यांसाठी, सात दिवसांनी कागद काढणे बंधनकारक. व्यावसायिक जाहिरात चालणार नाही. वाढदिवसाचं पोस्टर चालेल की नाही ते मीटिंगमध्ये ठरेल.

अण्णा साळवी बी-३०४: मीटिंग होईपर्यंत वाढदिवस संपेल. असू दे, मी दारावर लावतो माझ्या.

काझी भाभी बी-२०२: अण्णा आमच्या दारावर पण लावा, मुलगी म्हणते

रोहन बी-४०३: काल सैराट परत बघितला यूट्युबवर तुकड्या तुकड्यात. ट्रॅक्टरवाला सीन. दहा वर्षं झाली यावर विश्वास बसत नाही, मी बारावीत होतो

अण्णा साळवी बी-३०४: तुकड्यात बघू नको रे. एक दिवस वेळ काढ आणि सलग बघ. शेवटी शेवटी आवाजच नाहीये, ते तुकड्यात कळत नाही.

तात्या ए-२०४: पाणी इला. ए विंगेत इला. पिवळा येता, पाच मिन्टा सोडून द्या

काझी भाभी बी-२०२: बी ला नाही अजून

सेक्रेटरी शिंदे: बी विंगचा व्हॉल्व्ह उघडायला माणूस गेला आहे.

पाटणकर ए-३०१: आंब्याचा कागद काढला आहे. तसेही संपलेच. ज्यांना हवी असतील त्यांच्यासाठी घरची आमसुलं आहेत, या वर्षीची, मीठ बेताचं. पर्सनलवर सांगावे.

सेक्रेटरी शिंदे: पाटणकर.

पाटणकर ए-३०१: माहिती दिली फक्त.

अण्णा साळवी बी-३०४: अर्धा किलो द्या माझ्याकडे.