नंबर तोच, कंपनी दुसरी: तुमचे पोर्टिंगचे अनुभव सांगा

आईचा नंबर पोर्ट करायला घेतलाय. संगमेश्वरजवळच्या आमच्या वाडीत तिच्या सिमला रेंज मिळते ती फक्त पडवीच्या टोकाला. शेजारच्या काकूंच्या कंपनीची रेंज मात्र माजघरातसुद्धा असते. नंबर बदलायचा प्रश्नच नाही; बचतगट, गॅस एजन्सी, बँक, तिच्या माहेरची माणसं, सगळ्यांकडे हाच आहे. सोमवारी इंग्रजीत 'पोर्ट', मग जागा सोडून नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवला. नव्या कंपनीला द्यायचा आठ अक्षरांचा कोड आला, आईने तो कालनिर्णयच्या कडेला लिहून ठेवला. मी शनिवारी गावी पोचले तेव्हा तो बाद झालेला. चारच दिवस चालतो हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्या वेळी काय झालं, काय अडलं, सविस्तर लिहा.

कोल्हापूर
२० जानेवारी २०११ ला ही सोय देशभर सुरू झाली (हरियाणात नोव्हेंबर २०१० मध्येच झाली होती). मी त्याच महिन्यात नंबर हलवला, १९ रुपये लागले. खरी अडचण झाली ती डोंबिवलीहून इकडे बदली झाल्यावर. मुंबई सर्कल (म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग) वेगळं, महाराष्ट्र-गोवा वेगळं, आणि तेव्हा सर्कलबाहेर पोर्ट होतच नसे. दोन वर्षं रोमिंगवर काढली, आलेल्या फोनचेही पैसे जायचे. ३ जुलै २०१५ पासून ती अट गेली आणि मी पहिल्याच आठवड्यात अर्ज केला. आता सर्कलच्या आत तीन कामाचे दिवस आणि बाहेर पाच अशी मुदत आहे, त्यामुळे ताई, सुट्टीचे दिवस धरून हिशेब करू नका.

पुणे
पोस्टपेडवाल्यांनी आधी बिल पूर्ण भरा. माझे ४७ रुपये राहिले होते, तेवढ्यावर अर्ज फेटाळला. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स आणि पॅकही नव्या कंपनीत येत नाही, म्हणून मोठं रिचार्ज संपत आल्यावरच पोर्ट करा.

निफाड
आमचा भाजीचा टेम्पो आहे. मागच्या फाळक्यावर बाबांचा नंबर पिवळ्या रंगात मोठा लिहिलेला. बाबा अचानक गेले, सिम त्यांच्याच नावावर. त्या कंपनीची रेंज आमच्या मळ्यात नीट येईना, म्हणून भावाने सरळ पोर्ट करायला दुकान गाठलं. तिथे अंगठा लावायचा कुणी? नाव बाबांचं.

मग कळलं की आधी जुन्या कंपनीकडे नाव बदलून घ्यायचं, आणि ते काम चालू असेपर्यंत पोर्टचा अर्ज घेत नाहीत. मृत्यूचा दाखला, आईचं आधार, आम्हा तिघा भावंडांचं संमतीपत्र. पहिल्या खेपेला झेरॉक्स नेल्या, त्यांनी मूळ कागद मागितले; दुसऱ्या खेपेला काम झालं. पुढे नव्वद दिवस थांबायला सांगितलं, थांबलो. या सगळ्या काळात एक गोष्ट कटाक्षाने केली, रिचार्ज चुकू दिलं नाही. नंबर एकदा बंद पडून दुसऱ्या कुणाला गेला असता तर काय केलं असतं, या विचाराने आईला झोप लागत नव्हती.

आता नंबर तिच्या नावावर आहे आणि फोनही तीच उचलते. "भाऊ आहेत का?" असं कुणी विचारलं की ती शांतपणे सांगते, पलीकडचा माणूस सावरेपर्यंत थांबते आणि मग भाडं ठरवते. घरात वयस्कर माणसाच्या नावावर सिम असेल तर त्यांच्या हयातीतच कागद नीट करून ठेवा, एवढं कळकळीने सांगते.

नागपूर
फोन चोरीला गेला, नवं सिम घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी पोर्टचा कोड मागितला. मिळाला नाही. सिम बदलल्यावर सात दिवस कोड देत नाहीत, १ जुलै २०२४ पासूनचा नियम. मला राग आला होता, पण चोराच्या हातून नंबर वाचवायलाच हे केलंय, ते योग्यच आहे.

ठाणे
माझ्या सासऱ्यांना "केवायसी संपलंय, आलेला आठ अक्षरी कोड सांगा" असा फोन आला होता. त्यांनी सांगितला नाही म्हणून वाचलो. तो कोड ओटीपीसारखाच जपायचा.

रेडिंग, इंग्लंड
इथे इंग्रजीत 'पॅक' (पी-ए-सी) एवढा शब्द ६५०७५ ला पाठवला की मिनिटाभरात कोड येतो. तो तीस दिवस चालतो आणि नवीन कंपनीला दिला की साधारण पुढच्या कामाच्या दिवशी नंबर हलतो. भारतातला नंबर मात्र मी बँकेसाठी आईबाबांकडच्या जुन्या फोनमध्ये चालू ठेवलाय.

संगमेश्वर (धागाकर्ती)
सर्वांचे आभार. निफाडच्या ताई, तुमचा अनुभव आईला वाचून दाखवला. मागच्या मंगळवारी कोड पुन्हा मागवला आणि त्याच दुपारी आईला घेऊन देवरुखला गेले. सिम तिच्याच नावावर असल्याने अंगठा लगेच जुळला. शुक्रवारी रात्री जुन्या सिमची रेंज गेली, पहाटे नवं घातलं. पहिला फोन मावशीचा आला आणि आई चुलीपुढून न उठता बोलली.