विहिरीचं, बोअरचं पाणी घरात बारीक येतंय? अनुभव सांगा

मंडळी, उन्हाळा लागला की “मोटर चालू आहे, पण पाण्याला जोर नाही” ही तक्रार घरोघरी सुरू होते. त्यावर पहिला सल्ला मिळतो तो मोठी मोटर बसवण्याचा. मला तो अजिबात पटत नाही. पाणी विहिरीत कमी आहे, मोटर उचलत नाही, पाइपात गळतंय की नळाच्या तोंडाशी अडतंय, हे कळल्याशिवाय एक रुपयाही घालू नये. आधी गच्चीवरच्या टाकीत पडणारी धार बघा. ती जोरकस असेल तर विहीर-मोटर ठीक आहे, दोष टाकीच्या खाली शोधायचा. तीच बारीक असेल तर मोटरकडे आणि विहिरीकडे जायचं. तुमच्याकडे काय निघालं आणि कसं सापडलं, ते सविस्तर लिहा.

गुहागरहून :
आमची जांभ्यातली विहीर, मोटर काठावर. पावसाळ्यात, थंडीत तक्रार नसते. एप्रिल सरता सरता धार तुटत यायची, मग मोटर नुसतीच फिरायची. फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाशी असलेली झडप) बदलला, पॅकिंग बदललं, तरी तेच. शेवटी दोरीला दगड बांधून पाणी मोजलं तेव्हा उलगडा झाला. काठावरची मोटर पाणी ओढते म्हणतो आपण, पण खरं तर बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. पुस्तकात ही मर्यादा 10.3 मीटर आहे, पण व्यवहारात 7 मीटरच्या आसपासच, म्हणजे साधारण 23 फूट. पाणी त्याखाली गेलं की कितीही अश्वशक्तीची मोटर काठावर ठेवा, उपयोग नाही. आम्ही पाण्यात बुडणारी ओपनवेल मोटर घेतली, प्रश्न मिटला.
एक कळकळीचं सांगणं : विहिरीत उतरायची वेळ आली तर एकट्याने उतरू नका, आणि आत डिझेल इंजिन मुळीच चालवू नका. त्या धुराने माणसं जातात.

सांगोल्याजवळून :
मोटर थ्री फेजची (विजेच्या तीन वायरींवर चालणारी) असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. आमच्याकडे लाइनचं काम झालं आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी निम्म्यावर आलं. फेज म्हणजे त्या वायरींची अदलाबदल होऊन मोटर उलटी फिरत होती. उलटी फिरली तरी थोडं पाणी येतंच, म्हणून कुणाला शंका येत नाही. वायरमनने स्टार्टरमधल्या कुठल्याही दोन वायरी आपसात बदलल्या, काम झालं. बोअरची मोटर फिरताना दिसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी चालवून बघायची. जास्त पाणी येईल ती दिशा बरोबर.

बीडहून :
बोअरवाल्यांनी कानाचा उपयोग करावा. मोटर चालू असताना केसिंगला (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या मोठ्या पाइपाला) कान लावला तर आत पाणी कोसळल्याचा आवाज येत होता. खाली पाइपाच्या जोडाला चीर पडली होती आणि उचललेलं पाणी पुन्हा बोअरमध्येच पडत होतं. तसा आवाज नसेल, आणि सुरुवातीला धार चांगली येऊन नंतर हवेसकट तुटक येत असेल, तर बोअरलाच पाणी कमी आहे. आमच्या काळ्या खडकात पाणी भेगांमधून झिरपतं, त्याला वेळ द्यावा लागतो. थोडा वेळ चालवा, बंद करा, भरू द्या. कोरडी चालली तर मोटर जळते, म्हणून ड्राय रन बंद करणारं पॅनेल लावून घ्या.

पुण्याच्या कडेहून :
टाकी भरत होती, शॉवर मात्र रडत होता. टाकी ते नळ 10 मीटर उंची असेल तेव्हा 1 बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर शॉवरच्या जेमतेम 2 मीटर वर टाकी, मग दाब 0.2 बार. तिथे टाकी उंच स्टँडवर चढवा किंवा छोटा प्रेशर पंप लावा. फक्त गरम पाणी बारीक येत असेल तर गीझर बघा. बोअरच्या जड पाण्याचे क्षार तापल्यावर जास्त बसतात. शॉवरची जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की मोकळी होते.

ओंटारिओहून :
इथे गावाबाहेरच्या घरांना स्वतःची विहीर असते, पण गच्चीवर टाकी नसते. तळघरात हवेची प्रेशर टँक असते. माझ्याकडे पंप दाब 40 पीएसआय (दाबाचं एक माप) झाला की सुरू, 60 ला बंद. भांडी घासताना जोर सारखा कमी-जास्त व्हायचा, पंप दर मिनिटाला टकटक करायचा. टँकमधली हवा कमी झाली होती. पंप बंद करून, टँक पूर्ण रिकामी करून, सायकलच्या पंपाने 38 पर्यंत हवा भरली. हवा नेहमी सुरू होण्याच्या आकड्यापेक्षा 2 ने कमी ठेवायची. त्याआधी गाळाचा फिल्टर मात्र बघा, कित्येकदा तोच चोंदलेला असतो.

धागाकर्ती :
गुहागर, तुमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात किती फुटांवर जातं? आमच्या लांज्याच्या घरी हेच चाललंय. यंदा मोटर घेण्याआधी मोजून ठेवते.